भीड भिकेची बहीण

शिरूर आणि दौंड येथील अनेक घरांतील मुले-मुली आज दुबई, लंडन, सिंगापूर किंवा न्यू जर्सी येथे स्थायिक झाली आहेत. कापड, भुसार, किराणा किंवा सराफीच्या पेढीवर वाढलेली ही पिढी परदेशात नोकरी करते, काटकसरीने शिल्लक टाकते आणि पाच-सात वर्षांनी तिच्या मनात एक विचार येतो : गावाकडे एखादा भूखंड घ्यावा, आई-वडिलांसाठी चांगले घर घ्यावे, अथवा जेथे राहतो तेथेच स्वतःचे छप्पर असावे. विचार योग्यच आहे. मात्र हा व्यवहार करताना परदेशस्थ माणूस स्थानिक खरेदीदारापेक्षा बरेचदा अधिक किंमत मोजतो, आणि ती त्याच्या लक्षातही येत नाही.

या जादा किमतीचे मोल आकड्यांत मांडून पाहावे. समजा, शिरूर तालुक्यात 3 गुंठ्यांचा एक बिनशेती भूखंड आहे. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. म्हणजे भूखंड 3,267 चौरस फुटांचा. दुबईहून आलेल्या खरेदीदारास 1,800 रुपये चौरस फूट असा दर सांगितला गेला, तर किंमत होते 58,80,600 रुपये. त्याच गटातील शेजारचे भूखंड स्थानिक ग्राहकांनी 1,300 रुपयांनी घेतले असतील, तर योग्य किंमत 42,47,100 रुपये ठरते. फरक 16,33,500 रुपयांचा. दरमहा 50 हजार रुपये मागे टाकणाऱ्या नोकरदारासाठी ही जवळजवळ पावणेतीन वर्षांची बचत झाली. घरापासून, आई-वडिलांपासून दूर राहून काढलेली पावणेतीन वर्षे केवळ चौकशी न केल्यामुळे दुसऱ्याच्या खिशात जातात.

भाव का फुगतो?

पहिले कारण मुदतीचे. परदेशस्थ माणूस दिवाळीत, उन्हाळी सुट्टीत किंवा घरच्या लग्नकार्यासाठी दोन-तीन आठवडे येतो. त्याचे परतीचे तिकीट कधीचे आहे, हे मध्यस्थाला पहिल्याच भेटीत कळते. पहिले दहा दिवस नापसंत पडतील अशा जागा दाखवायच्या आणि निघण्याच्या दोन दिवस आधी खरी जागा दाखवून ‘उद्या दुसरी पार्टी विसार देणार आहे’ असे सांगायचे, ही जुनी रीत आहे. घाईत घेतलेल्या निर्णयाचा भाव नेहमीच चढा असतो.

दुसरे कारण चलनाचे. दिरहॅम किंवा डॉलरमध्ये पगार घेणारा मनुष्य रुपयातील किमतीला मनातल्या मनात भागून पाहतो आणि त्याला ती स्वस्त वाटते. परंतु जमीन स्वस्त की महाग, हे परदेशातील पगारावरून ठरत नाही. शेजारच्या जमिनीच्या भावावरून ठरते. परदेशातील चौरस फुटाचा दर आणि रांजणगावचा दर यांची तुलना करणे म्हणजे सोन्याच्या तराजूत ज्वारी तोलण्यासारखे आहे.

तिसरे कारण उद्याच्या विकासाचे. शिरूरकडे रांजणगाव, सणसवाडी आणि शिक्रापूरच्या कारखान्यांमुळे, तर दौंडकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत, रेल्वे जंक्शन आणि पुणे-सोलापूर महामार्गामुळे जागेला मागणी आहे, यात शंका नाही. पण मध्यस्थ या प्रत्यक्ष सोयींबरोबरच कागदावर असलेल्या रस्त्याचा आणि शेजारच्या तालुक्यात होऊ घातलेल्या विमानतळाचाही भाव आजच लावतो. ज्या रस्त्याची भूसंपादनाची अधिसूचना निघालेली नाही, त्या रस्त्यासाठी आज एक रुपयाही अधिक देण्याचे कारण नाही.

चौथे आणि सर्वांत मोठे कारण भिडेचे. मध्यस्थ बहुधा परका नसतो. तो वडिलांचा मित्र असतो, दुकानाचा जुना गिऱ्हाईक असतो, कधी नात्यातला असतो, कधी मंदिरात किंवा स्थानकात रोज भेटणारा असतो. ‘आपल्या माणसाला कागद कसा मागायचा?’ या संकोचापायी चौकशी होत नाही. ज्या पेढीवर भुसाराची प्रत्येक गोणी बांबी लावून तपासली जाते, ज्या घरात दिवाळीच्या वहीपूजनाआधी खतावणीतील एकेक रुपयाचा मेळ लावला जातो, त्याच घरात आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी तोंडी शब्दावर होते. भीड भिकेची बहीण, असे आपले वाडवडील म्हणत आले. स्थावराच्या व्यवहारात या म्हणीचा प्रत्यय लवकर येतो.

खरा भाव कळतो कुठे?

सुदैवाने महाराष्ट्रात भाव पडताळण्याची साधने घरबसल्या उपलब्ध आहेत, परदेशातूनही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक गावाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते पाहता येतात. व्यवहारात त्यांना ‘रेडी रेकनर’ म्हणतात. सुधारित दर 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले. हा दर म्हणजे बाजारभाव नव्हे. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी शासनाने धरलेले ते मूल्य आहे. तरीही सांगितलेला भाव या दराच्या किती पट आहे, हे पाहिल्याने बोलणीला एक आधार मिळतो.

त्याहून उपयुक्त साधन म्हणजे ‘सूची क्रमांक दोन’, म्हणजेच इंडेक्स-टू. प्रत्येक नोंदणीकृत खरेदीखताचा गोषवारा या सूचीत असतो : गाव, गट क्रमांक, क्षेत्रफळ, मोबदला, शासकीय बाजारमूल्य आणि दस्ताची तारीख. विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेत गाव आणि गट क्रमांक घालून तो पाहता येतो. आपल्याला दाखवलेल्या गटात आणि लगतच्या दोन-चार गटांत गेल्या वर्षा-दोन वर्षांत झालेल्या पाच-सहा व्यवहारांचा दर चौरस फुटांत काढावा. एका संध्याकाळचे काम आहे. पण वरच्या उदाहरणातील सोळा लाख वाचतात ते याच कामाने.

येथे एक सावधगिरी हवी. काही दस्तांत प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी रक्कम दाखवलेली असते, त्यामुळे एकाच नोंदीवर विसंबू नये. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून स्वतंत्र अहवाल घ्यावा. त्याचे शुल्क खरेदीदाराने स्वतः द्यावे. मध्यस्थाने आणलेला मूल्यांकनकार मध्यस्थाचाच असतो.

आणखी एक मार्ग बँकेचा. संपूर्ण रक्कम हाताशी असली तरी थोड्या कर्जासाठी बँकेकडे अर्ज करणे फायद्याचे ठरते. बँक स्वतःच्या वकिलाकडून मालकी हक्काचा शोध अहवाल घेते आणि स्वतःच्या मूल्यांकनकाराकडून जागेची किंमत ठरवते. बँकेने ठरवलेली किंमत विक्रेत्याच्या किमतीपेक्षा बरीच कमी आली, किंवा बँकेने त्या जागेवर कर्ज देण्यासच नकार दिला, तर तो नकार म्हणजे मिळालेला सर्वांत स्वस्त सल्ला समजावा.

काय विकत घेतो आहोत?

पुष्कळदा किंमत जास्त नसते. वस्तूच वेगळी असते. बिनशेती भूखंडाचा भाव देऊन शेतजमिनीचा तुकडा पदरात पडणे, हा जादा किमतीचा सर्वांत वाईट प्रकार होय.

परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीय किंवा परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्डधारक यांना भारतात निवासी अथवा व्यापारी मालमत्ता रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीविना घेता येते. मात्र शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळाली तर ठेवता येते. भीमेच्या किंवा घोडनदीच्या काठची ‘फार्महाऊस प्लॉट’ची जाहिरात कितीही मोहक असली, तरी परदेशस्थ मुलाच्या नावे ती खरेदी कायद्यात बसत नाही. त्याखेरीज महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो, अन्यथा कुळकायद्याखाली परवानगी लागते.

अशा वेळी ‘वडिलांच्या नावावर घेऊन टाका’ असा तोडगा सुचवला जातो. वडील शेतकरी असतील तर ते घेऊ शकतात. पण मग ती जमीन कायद्याने वडिलांची होते आणि त्यांच्या पश्चात सर्व वारसांचा तिच्यावर हक्क येतो. पैसा एका भावाचा आणि सातबारा सर्वांचा, या स्थितीतून किती घरांत अबोला आला आहे, हे गावोगावच्या वकिलांना विचारावे. कुटुंबाची तशी संमती असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर रक्कम देण्यापूर्वीच सर्वांनी एकत्र बसून लेखी स्पष्टता करावी.

गुंठ्याने विकल्या जाणाऱ्या तुकड्यांविषयी विशेष जपावे. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. त्यात अलीकडे शिथिलता आली असली, तरी ती आपल्या गटाला लागू आहे काय, हे तहसील कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. एकाच सातबाऱ्यावर वीस-पंचवीस जणांची नावे आणि प्रत्येकाचा एक-दोन गुंठ्यांचा अविभक्त हिस्सा, असे दिसल्यास त्या जागेवर स्वतंत्र बांधकाम परवानगी किंवा बँकेचे कर्ज मिळणे दुरापास्त असते. मग दर स्वस्त असला तरी तो महागच.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांचे उतारे ‘महाभूमी’ संकेतस्थळावर मिळतात. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यास 15 रुपये लागतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा, कुळ, वहिवाट किंवा न्यायालयीन दाव्याची नोंद आहे का, ते वाचावे. बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि झोन दाखला पाहावा. शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील काही गावे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतात. तेथील रेखांकन त्या प्राधिकरणाने मंजूर केलेले असावे लागते.

जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पातील असेल आणि प्रकल्पात आठांहून अधिक सदनिका असतील, तर महारेराची नोंदणी आवश्यक आहे. हा नियम भूखंडांच्या प्रकल्पांनाही लागू होतो. 1 मे 2017 पासून कार्यरत असलेल्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी, पूर्णत्वाची मुदत आणि दावे पाहता येतात. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. सदनिका घेताना दर चटई क्षेत्रावरच काढावा. ‘सुपर बिल्टअप’चा दर कमी दिसतो, कारण त्यात जिन्याचा आणि वाहनतळाच्या वाटेचाही भाग मिसळलेला असतो.

रोखीचा सापळा

‘इतके चेकने आणि इतके रोख’ हे वाक्य आजही ऐकू येते. परदेशस्थाच्या बाबतीत ते तिपटीने महाग पडते. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. दुसरे असे की, उद्या घर विकल्यास दस्तावरील कमी किमतीमुळे भांडवली नफा फुगलेला दिसतो आणि कर वाढतो. तिसरी गोष्ट बँकेच्या व्यवहारातील आहे : परकीय चलनातून किंवा एनआरई खात्यातून दिलेली मूळ रक्कम घर विकल्यावर नियमांनुसार पुन्हा परदेशी नेता येते, निवासी मालमत्तेसाठी ही सवलत दोन घरांपुरती आहे, पण रोखीने दिलेल्या रकमेचा कुठेही पुरावा नसल्यामुळे ती या हिशेबात कधीच येत नाही. म्हणून संपूर्ण रक्कम एनआरई किंवा एनआरओ खात्यातूनच द्यावी आणि प्रत्येक भरण्याची पावती जपून ठेवावी.

दस्तातील किंमत शासकीय मूल्याहून फार कमी दाखवल्यास, म्हणजे फरक 50 हजार रुपये आणि मोबदल्याच्या 10 टक्के या दोन्ही मर्यादांपलीकडे गेल्यास, तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरला जातो. व्यवहार 50 लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल आणि विक्रेता निवासी असेल, तर खरेदीदाराने 1 टक्का करकपात करून ती भरायची असते. विक्रेता स्वतःच अनिवासी असेल, तर कपातीचा दर बराच अधिक असतो. ती न केल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30 हजार रुपये आहे. निवासी घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

सुट्टीत व्यवहार उरकण्याची घाई टाळायची, तर मुखत्यारपत्र हा मार्ग आहे. ते सर्वाधिकाराचे देऊ नये. ठरावीक गट क्रमांक, ठरावीक कमाल किंमत आणि ठरावीक मुदत लिहून विशेष मुखत्यारपत्र करावे. परदेशात केलेला हा दस्त तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावा आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक भरावा. कमाल किंमत लिहिलेली असली की मुखत्यार झालेल्या काकांनाही मध्यस्थाला नकार देणे सोपे जाते : ‘अहो, आमच्या हातात नाही; मुलाने कागदावरच आकडा बांधून दिला आहे.’

जेथे राहतो तेथील घर

परदेशातच घर घ्यायचे असेल, तर परकेपणाची किंमत तेथे उघडपणे कराच्या रूपाने आकारली जाते. सिंगापूरने 27 एप्रिल 2023 पासून परकीय नागरिकांसाठी अतिरिक्त मुद्रांक शुल्क 60 टक्के केले. 10 लाख सिंगापुरी डॉलरच्या घरावर 6 लाख केवळ या शुल्काचे. कायम निवासी झालेल्या व्यक्तीस पहिल्या घरासाठी तेच 5 टक्के आहे. म्हणून तेथे कायम निवास मिळेपर्यंत भाड्याने राहणे हाच शहाणपणा. कॅनडाने परकीयांच्या घरखरेदीवरील निर्बंध 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवले. ऑस्ट्रेलियात 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2027 या काळात तात्पुरत्या निवासींना जुने घर घेण्यास बंदी घातली गेली.

इंग्लंडची गोष्ट तर थेट शिरूरच्या वाड्यापर्यंत येते. तेथे दुसऱ्या घरावर 5 टक्के अधिभार आहे, आणि ‘पहिले घर’ जगात कुठेही असले तरी मोजले जाते. वडिलांनी मायेपोटी गावच्या घरावर मुलाचे नाव लावलेले असेल आणि त्या हिश्श्याचे मूल्य 40,000 पौंड किंवा त्याहून अधिक असेल, तर लंडनमध्ये 4 लाख पौंडांचे घर घेताना केवळ या अधिभारापोटी 20,000 पौंड अधिक पडू शकतात. वारसाहक्काच्या लहान हिश्श्याला काही सूट आहे. म्हणून गावाकडील प्रत्येक नोंद तेथील सॉलिसिटरला आधीच सांगावी.

दुबईत नोंदणीचे शुल्क 4 टक्के असून ते बहुधा खरेदीदारच भरतो. त्यावर दलालाचे साधारण 2 टक्के वेगळे. तेथील भूमी विभाग व्यवहारांच्या किमती प्रसिद्ध करतो, तर इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयाकडे 1995 पासूनचे विक्रीदर सर्वांना खुले आहेत. अमेरिकेत 17 ऑगस्ट 2024 पासून खरेदीदाराच्या दलालाने आपले मानधन लेखी कराराने आधीच ठरवून घ्यावे लागते. त्यामुळे त्यावर घासाघीस करण्याचा खरेदीदाराचा हक्क स्पष्ट झाला आहे. म्हणजे साधने सर्वत्र आहेत; ती वापरली मात्र पाहिजेत.

येथून आई-वडील पैसे पाठवणार असतील, तर उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे. घरखरेदीसाठी 10 लाख रुपयांपुढील रकमेवर बँक 20 टक्के कर गोळा करते. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो वा परत मिळतो. पण दरम्यान ती रक्कम अडकते, याची तजवीज ठेवावी. येथील निवासी व्यक्तीचे नाव परदेशातील घरावर लागले, तर तिने आपल्या विवरणपत्रात ते दाखवणे बंधनकारक आहे; न दाखवल्यास 10 लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. निवृत्त वडिलांनी आयुष्यभराची ठेव मोडून पाठवण्याआधी स्वतःच्या औषधपाण्याची आणि उदरनिर्वाहाची रक्कम बाजूला काढलेली असावी, हे मुलांनीच आग्रहाने सांगावे.

नकार देण्याची रीत

शेवटी प्रश्न उरतो तो संबंध राखून कागद मागण्याचा. तो वाटतो तितका अवघड नाही. ‘काका, व्यवहार तुमच्यामार्फतच करू आणि तुमचे मानधन आजच ठरवू. फक्त शेजारच्या चार भूखंडांच्या सूची-दोन आणि वकिलांचा शोध अहवाल हाती आल्यावर विसार देऊ,’ असे नम्रपणे म्हणता येते. प्रामाणिक मध्यस्थाला यात अपमान वाटत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. आणि ज्याला राग येतो, त्याचा राग सोळा लाखांपेक्षा स्वस्त आहे.

मध्यस्थाने आपल्या श्रमाचे मानधन उघडपणे घ्यावे, यात काही गैर नाही. गैर आहे ते भावात दडवलेले मानधन. ते दिले-घेतले जाते तेव्हा दोन्ही घरांतील विश्वासालाही तडा जातो, कारण आज ना उद्या शेजारच्या भूखंडाचा खरा दर कळतोच. म्हणून विसारपावतीवर सही होण्यापूर्वी दर, क्षेत्र, सातबारा, बिनशेती आदेश, बँकेची पडताळणी आणि मध्यस्थाचे मानधन या सहा गोष्टी एका कागदावर लिहून घरातील सर्वांनी वाचाव्यात. परदेशातल्या मुलाला तो कागद मोबाईलवर पाठवावा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. जागा आठ दिवस थांबत नसेल, तर ती दुसऱ्याला जाऊ द्यावी. भीमेच्या दोन्ही काठांवर भूखंड पुष्कळ आहेत; मुलाने घरापासून दूर राहून मिळवलेली शिल्लक मात्र एकदाच जमते.